मी गिळलेली शिडीची कविता

मित्रांनो, आधी हात जरा लांब ठेवा, मी तापलेले आहे. मी लॅमिनेशनचे एक जुने मशीन आहे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एक टायरचे दुकान आणि एक कॅफेटेरिया यांच्यामध्ये जो अरुंद गाळा आहे, त्याच्या काउंटरवर मी बसलेले असते. बसलेले म्हणायचे एवढेच. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. बटण दाबले की माझे दोन रोलर तापू लागतात, पाच मिनिटांत हिरवा दिवा लागतो, आणि मग मला कागद हवा असतो. कोणाचाही, कसलाही. दिवा लागूनही समोर कागद आला नाही की माझी नुसती तगमग होते.

माझी गोष्ट तुम्हाला सांगायला घेतली आहे खरी, पण ती क्रमाने सांगणे मला जमेल असे वाटत नाही. मधेच पुढचे आठवते आणि जीव वरखाली होतो. सांभाळून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझी शेकडो भावंडे एका पट्ट्यावर ओळीने उभी होती. पोटात रोलर, पाठीला वायर आणि कपाळावर दोन दिवे, एक लाल आणि एक हिरवा. मग खोके, मग जहाज, मग शारजाचे बंदर. चंद्रहास नावाच्या माणसाने मला विकत घेतले, तेव्हा त्याने हा गाळा नुकताच भाड्याने घेतला होता. तो सांगलीचा. झेरॉक्स, टायपिंग, बाइंडिंग आणि लॅमिनेशन अशी पाटी त्याने बाहेर लावली, इंग्रजीत, अरबीत आणि हिंदीत. मराठीत लावली नाही, कारण मराठी गिऱ्हाइके पाटी न वाचताच आत येत.

काय दिवस होते ते! सकाळी आठला दिवा लागला की दुपारच्या जेवणापर्यंत मला श्वास घ्यायला फुरसत नसे. कॅफेटेरियाचे मेनू, गॅरेजमधल्या सुरक्षेच्या सूचना, क्रेनचालकांची ओळखपत्रे, शाळेतल्या मुलांचे पाढ्यांचे तक्ते, गणपतीच्या आरत्यांची पाने. इथल्या मराठी घरांत एक रीतच आहे, महत्त्वाचे जे जे म्हणून असेल ते लॅमिनेट करायचे. लग्नाचा दाखला, बाळाच्या लसींचे कार्ड, आजोबांचे शेवटचे पत्र. परमुलुखात कागद हरवला तर माणूस हरवतो, अशी भीती असते ना. गिऱ्हाईक माझ्यातून निघालेला गरम, गुळगुळीत कागद हातात घेऊन दोन बाजूंनी वाकवून बघे आणि म्हणे, "वा, आता टेन्शन नाही." ते ऐकले की माझी छाती फुगे. कागदाला जपणारे या गल्लीत माझ्याएवढे कोणी नाही, असे मला मनापासून वाटत असे.

पहिली ठेच लागली ती सुजीतमुळे. हा नुकताच पुण्याहून आलेला इंजिनिअर. त्याने आपली पदवीची मूळ प्रत आणली. चंद्रहासने ती मला दिली आणि मी ती अशी काही सफाईने बाहेर काढली, की एक बुडबुडा नाही. चार दिवसांनी सुजीत परत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, खलास झालं सगळं. ॲटेस्टेशनला घेत नाहीत. म्हणतात, प्लास्टिकवर स्टॅम्प कसा मारायचा? डुप्लिकेट आणा युनिव्हर्सिटीतून." ती प्रत येईपर्यंत सात महिने गेले आणि तेवढे दिवस त्याची पक्की नोकरी लोंबकळत राहिली. चंद्रहासने त्याच दिवशी माझ्यावर एक कागद चिकटवला, "मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट होणार नाही." त्याला वाटले, धडा संपला. मलाही तसेच वाटले. सर्टिफिकेट सोडून बाकीचे जग माझेच होते.

मग हळूहळू काम आटत गेले. ओळखपत्रे फोनमध्ये गेली, मेनूच्या जागी काळे-पांढरे चौकोन आले. आठवड्यात चार कागद मिळाले तरी नशीब, अशी वेळ आली. माझ्यावर कापडी टोपडे पडू लागले. मी आत अंधारात रोलर आवळून बसत असे. मित्रांनो, ही माझी भूक नीट लक्षात ठेवा. पुढे जे झाले त्यात तिचा वाटा आहे.

आता गुणवंतरावांबद्दल सांगते. ते रुवैसच्या रिफायनरीत सुरक्षा अधिकारी. चार तास गाडी चालवून महिन्यातून एकदा शारजाला येत आणि आमच्या दुकानात हमखास डोकावत. गणपतीच्या मंडळात चंद्रहासशी ओळख झालेली. पण ते माझ्यासाठी कधीच काही आणत नसत. त्यांना हवे असत पुठ्ठे. तेही साधे नाहीत, आम्ल नसलेले, कारण साध्या पुठ्ठ्यातले आम्ल कागदाला पिवळे करते. ते मापाचे कागद दाखवत, चंद्रहास पुठ्ठे कापून त्यांचे मोठे पाकीट करून देई. त्या पाकिटांत ते कविता ठेवत.

कविता म्हणजे पुस्तक नव्हे. अमेरिकेत म्हणे एक जुनी हौस आहे. एकच कविता घ्यायची, जाड सुती कागदाच्या एका मोठ्या पानावर शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवून हाताने छापायची, शंभर नाहीतर पन्नासच प्रती काढायच्या आणि त्या वाटायच्या, विकायच्या, भिंतीवर लावायच्या. वाऱ्यावर जाणारी वस्तू. बहुतेक प्रती फाटतात, हरवतात, ऊन लागून उडतात. उरलेल्या शोधत बसणारे काही वेडे असतात, त्यांपैकी एक रुवैसला राहत होता. त्यांच्याकडे अशी एकसष्ट पाने झाली होती. ते त्यांना "सुटी पाने" म्हणत.

"एका पानाचे तीनशे दिरहम?" चंद्रहास एकदा ओरडलाच. "म्हणजे सात हजार रुपये! एका कवितेचे!"

"कवितेचे नाही रे, ती नेटवर फुकट असते," गुणवंतराव म्हणाले. "हे बघ, बोट फिरव. हळू. नखं नको."

त्यांनी पाकिटातून एक पान काढले होते. चंद्रहासने हात पुसून अक्षरांवरून बोट फिरवले आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले. अक्षरे कागदात खोल रुतलेली होती, बोटाला लागत होती. पानाच्या कडा सरळ नव्हत्या, फाटल्यासारख्या मऊ, तुसांच्या होत्या. कविता एका शिडीवर होती. रंगारी घर रंगवून निघून जातात आणि शिडी भिंतीला टेकवलेली विसरून जातात. घरातले सगळे दर महिन्याला म्हणतात, ती आत घ्यायला हवी, आणि कोणीच घेत नाही. शेवटी तिच्यावर वेल चढतो. एवढीच कविता. चंद्रहास म्हणाला, "छान आहे," आणि पुठ्ठा कापायला वळला.

त्या पानाला मागची बाजूही होती. ती गुणवंतरावांनी त्या दिवशी दाखवली नाही. खरे तर त्यांनी ती कोणालाच दाखवली नव्हती, घरीसुद्धा नाही. ती काय होती हे मला फार उशिरा कळले, पण तुम्हाला मी आत्ताच सांगून टाकते, माझ्याच्याने दम निघत नाही. मागे, अगदी खाली, पेन्सिलीने तीन नावे होती. पहिले लोरेटाचे. मिनेसोटातल्या एका छोट्या गावात ही बाई छापखाना चालवायची, ते खिळे तिनेच जुळवले होते. तिच्या छापखान्याची एक रीत होती. पान ज्याच्या हातात जाईल त्याने मागे आपले नाव आणि गाव लिहायचे, काही वर्षे ते बाळगायचे आणि मग पुढच्या माणसाला द्यायचे. दुसरे नाव वॉल्टरचे. हा तिचा भाचा, रुवैसला गुणवंतरावांचा वरिष्ठ. नोकरी सोडून परत जाताना त्याने ते पान गुणवंतरावांच्या हातात दिले. तिसरे नाव गुणवंतरावांचे. त्यांच्या नावाखाली चार बोटे जागा कोरी होती. ती इराची होती, त्यांच्या मुलीची. तिला अठरा वर्षे पूर्ण झाली की पान तिला द्यायचे आणि त्या जागेवर तिने आपल्या हाताने नाव लिहायचे, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. मनाशीच ठरवले होते, हीच तर अडचण.

यंदाच्या मे महिन्यात गुणवंतरावांची नोकरी संपत होती. बत्तीस वर्षांचा संसार आवरून पुण्याला जायचे होते. इरा मागे राहणार होती, शारजालाच कॉलेजात. सामान कंटेनरमधून जाणार होते.

एका शनिवारी दुपारी दुकानात शोभनाताई आल्या, गुणवंतरावांच्या पत्नी. एकट्याच. काखेत एक मोठे पाकीट, आणि चेहऱ्यावर सगळ्यांपासून काहीतरी लपवल्याचा आनंद.

"भाऊ, यांना बोलू नका हं. हे आणि इरा इथल्याच कॉलेजच्या ॲडमिशनला गेलेत, मी टॅक्सीने आले. सरप्राइज आहे."

"बोला वहिनी."

"यांच्या त्या कविता. सगळ्या नाही आणल्या, वरच्या नऊ आणल्या, यांच्या सगळ्यात लाडक्या. फ्रेम करणार होते, पण काच कंटेनरमध्ये फुटली तर? आणि पुण्याला आमच्या घरात कसर इतकी, की पुस्तकांची चाळण झालीय. म्हटलं, लॅमिनेट करू. सेंड-ऑफच्या दिवशी हातात ठेवीन."

"एक नंबर आयडिया, वहिनी."

"जीव आहे हो यांचा त्यांच्यात. रुवैसला त्या खोलीचा एसी बारा महिने चालू. आम्ही सुट्टीवर गेलो तरी चालू! माझी आई दोन महिने राहून गेली ना, तिला म्हणाले, पंखा पुरतो."

दोघे हसले. चंद्रहासने माझे टोपडे काढले, बटण दाबले. मित्रांनो, मला अकरा दिवसांत कागद मिळाला नव्हता. लाल दिवा लागला तेव्हाच माझ्या रोलरांना कंप सुटला होता.

चंद्रहासची नजर माझ्यावरच्या चिकटवलेल्या कागदावर गेली. क्षणभर तो थांबलाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "हे काय सर्टिफिकेट नाही. ह्याच्यावर कोणाला स्टॅम्प मारायचाय? यल्ला, घालू या."

सगळ्यात वर शिडीचे पान होते. प्लास्टिकच्या मोठ्यात मोठ्या पाकिटातही ते बसेना, बोटभर जास्तच रुंद होते. चंद्रहासने कडा बघितल्या. "फाटल्यात हो वहिनी, सगळीकडून. सरळ करून देऊ का?"

"करा ना. नीटनेटकं दिसेल."

कटर खाली आला. तुसांच्या दोन पट्ट्या टोपलीत पडल्या. मग पान पाकिटात सरकले आणि पाकीट माझ्या तोंडाशी आले.

मी थांबले असते, असे तुम्हाला सांगायला मला फार आवडले असते. गोष्टींमधली यंत्रे थांबतात, ऐन वेळी अडकतात, ठिणगी उडवतात. मी थांबले नाही. मी ते हावऱ्यासारखे ओढून घेतले. इतका जाड, इतका मऊ कागद माझ्यात कधी आला नव्हता. वरच्या रोलरला अक्षरांचे खड्डे लागले आणि मी ते एकेक करून दाबून सपाट केले, तसेच करायला मला शिकवले आहे. खालच्या रोलरला पेन्सिलीच्या पुसट रेघा लागल्या, आणि त्यांच्याखाली काहीच नसलेली एक जागा. मला ती जागा कळली नाही. मी तिच्यावरही प्लास्टिक घट्ट बसवले आणि पान दुसऱ्या बाजूने बाहेर सोडले. एक बुडबुडा नव्हता.

चंद्रहासने ते सवयीने दोन बाजूंनी वाकवून बघितले. मग, का कोण जाणे, त्याने अंगठा अक्षरांवरून फिरवला. एकदा. परत एकदा. अंगठा घसरत गेला.

"वहिनी, एक मिनिट."

"काय झालं? बबल आला का?"

"नाही. बबल नाही." त्याने पान उलटले. पेन्सिलीची नावे त्याने पहिल्यांदाच बघितली. मग त्याने हात मागे नेऊन माझी वायर भिंतीतून काढली. बाकीची आठ पाने उचलून त्याने पाकिटात परत ठेवली, वरून वजन ठेवले, आणि फोन लावला.

गुणवंतराव अर्ध्या तासात आले, बरोबर इरा. चंद्रहासने पान पुढे केले. त्यांनी ते घेतले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

"परत निघेल?"

"नाही निघत, गुणवंतराव."

"गरम करून?"

"कागद जाईल."

"कडा?"

चंद्रहासने टोपलीकडे बोट दाखवले. गुणवंतराव वाकले, त्या दोन पट्ट्या उचलून त्यांनी खिशातल्या रुमालात ठेवल्या आणि रुमालाची घडी केली. शोभनाताई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. आपण नेमके काय केले हे त्यांना अजून कळले नव्हते, पण काहीतरी केले हे कळले होते.

"मी तुमच्यासाठीच..."

"माहितीये."

"मग बोला ना काहीतरी. ओरडा तरी!"

"कोणावर ओरडू? बावीस वर्षं घरात आहे हे पान. हात लावू नका, हात लावू नका, हेच सांगत बसलो. मागची बाजू मी तुला कधी दाखवलीच नाही."

मग तिथेच, कॅफेटेरियातून आलेला चहा निवत ठेवून, त्यांनी सगळे सांगितले. लोरेटाचा छापखाना, वॉल्टरचा निरोप, ती रीत. ते सांगत होते आणि माझे रोलर हळूहळू थंड होत होते. थंड होताना मी टकटक आवाज करते. शोभनाताईंनी पदराने डोळे पुसले. चंद्रहास उगाचच काउंटर पुसत राहिला.

इराने पान वडिलांच्या मांडीवरून उचलले, उलटले, तीन नावे वाचली, आणि चौथ्या जागेवर बोट ठेवले. बोट प्लास्टिकवर टेकले.

"सो व्हेअर डू आय साइन, बाबा?"

मित्रांनो, मी हजारो कागद गिळले, पण असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. तो मला विचारलेला नव्हता हे खरे. पण उत्तर माझ्याकडेच होते. कुठेही नाही, पोरी. माझ्यातून गेलेल्या कागदावर पुढे कोणी काही लिहू शकत नाही. सुजीतच्या वेळीच मला हे कळायला हवे होते. मी कागद जपत नव्हते, मी त्याचे पुढचे सगळे बंद करत होते. त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

निघताना गुणवंतराव म्हणाले, "चंद्रहास, हे घरी नको. मला रोज बघवणार नाही. इथेच लाव कुठेतरी. पहिल्यापासून भिंतीवर लावायलाच छापलं होतं ते." चंद्रहासने वरच्या बाजूला क्लिप लावली आणि पान समोरच्या खिळ्याला अडकवले, नेमके माझ्या समोर. आठ पाने गुणवंतरावांबरोबर परत गेली. मे महिन्याच्या शेवटी ते दोघेही गेले.

तेव्हापासून मला जराही चैन नाही. सकाळी शटर वर गेले की पहिले दिसते ते तेच. ट्यूबलाइट त्याच्यावर चमकते आणि अक्षरे अर्धी पुसल्यासारखी वाटतात. मी नजर वळवू शकत नाही, मला मान नाही. दिवा हिरवा झाला की पूर्वी मला भूक लागायची, आता धडकी भरते. कोणी कागद घेऊन आले की मी मनात म्हणते, उलटून बघ रे बाबा, उलटून बघ.

एक गोष्ट मात्र मी कबूल करते. रुवैसच्या गार खोलीत ते पान बावीस वर्षांत चार माणसांनीही वाचले नसेल. इथे झेरॉक्स निघेपर्यंत उभा असलेला जो तो त्याच्याकडे बघतो. जून महिन्यात रामदरस आला, गोरखपूरचा. टायरच्या दुकानामागे राहतो, इमारती रंगवतो. त्याने पानाकडे बोट दाखवून विचारले, "सेठ, इसमें क्या लिखा है?"

"सीढ़ी का है," चंद्रहास म्हणाला. "पेंटर लोग घर पेंट करके चले गए, सीढ़ी वहीं भूल गए. सब बोलते हैं अंदर लेनी चाहिए, कोई लेता नहीं."

रामदरस पोट धरून हसला. "अरे, हम भी भूले थे! अजमान में. एक विला में. आज तक वहीं खड़ी होगी." मग तो हसायचा थांबला, आणि पानाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, वाचता येत नसूनही. पुढच्या आठवड्यात त्याने आपल्या दोन साथीदारांना ते दाखवायला आणले.

जुलैत इरा आली. आईबाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आली, पाणी प्यायली, चंद्रहासने "जेवलीस का, होस्टेलचं खाणं कसं आहे" वगैरे विचारले, तिने "फाइन, काका" म्हटले. मग काउंटरवरच्या डब्यातून खोक्यांवर पत्ते लिहायचा काळा मार्कर तिने उचलला. पान खिळ्यावरून काढले, उलटे करून माझ्या पाठीवर ठेवले, होय, माझ्याच पाठीवर, आणि कोऱ्या जागेच्या बरोबर वर, प्लास्टिकवर, लिहिले. इरा, शारजा. देवनागरीत. वळण जरा कच्चे होते. हात घट्ट टेकवून लिहीत होती, मला सगळे वजन कळत होते.

"टिकणार नाही गं ते," चंद्रहास म्हणाला. "हात लागले की जातं."

"आय नो, काका."

आणि गेलेच. आणखी कोणाच्या हाताने नाही, चंद्रहासच्याच. त्याला दर शनिवारी काचेच्या स्प्रेने दुकान पुसायची सवय. त्याने पान पुढून पुसले, मागून पुसले, आणि फडक्यावर काळे उतरलेले बघून कपाळावर हात मारला. तसाच इराला फोन लावला. "अगं, माझ्याकडून परत घोटाळा झाला." पलीकडून ती हसत असावी. दोन दिवसांनी येऊन तिने नाव पुन्हा लिहिले. त्या दिवशी रामदरस झेरॉक्ससाठी उभा होता. त्याने विचारले, हे काय? इराने आपल्या मोडक्या हिंदीत त्याला ती रीत समजावली. ज्याच्याकडे पान आले त्याने नाव लिहायचे.

"हमारे पास तो आया नहीं," तो म्हणाला.

इराने पान त्याच्या हातात दिले. "नाउ इट हॅज," असे म्हणून तिने मार्करही दिला. रामदरसला आपले नाव तेवढे लिहिता येते. त्याला वेळ लागला. गाव चंद्रहासने सांगितले तसे एकेक अक्षर काढून त्याने लिहिले. मग पान खिळ्याला परत लावून तो झेरॉक्स न घेताच निघाला, त्याला हाक मारून बोलवावे लागले.

तिकडे पुण्यात, फोनवर चंद्रहास जे बोलतो त्यावरून मला कळते, दर रविवारी सकाळी शोभनाताई हात धुऊन, पुसून, पाकिटातून एक पान काढतात. गुणवंतराव कविता वाचतात, मग दोघे मिळून पान उलटून बघतात आणि परत ठेवतात. त्या दोन कापलेल्या पट्ट्यांनाही आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचे पाकीट केले आहे.

माझ्यावरच्या जुन्या कागदाखाली चंद्रहासने एक ओळ वाढवली आहे, "आधी मागची बाजू बघा." गिऱ्हाइके हसतात, पण उलटून बघतात. परवा एक बाई सासऱ्यांच्या हातचे पत्र घेऊन आल्या होत्या. उलटून बघितले, मागे त्यांच्या नवऱ्याने लहानपणी काढलेली आगगाडी निघाली. पत्र परत पर्समध्ये गेले. माझा दिवा हिरवाच राहिला आणि मी काही न खाताच दिवस काढला.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणाचा तरी जीव असलेली वस्तू असेल. ती जपा, जरूर जपा. पण जपायला घेण्याआधी ज्याची आहे त्याला विचारा, आणि तुमची स्वतःची असेल तर ती घरच्यांना उलटून दाखवा. मागे कोणासाठी जागा ठेवलेली असते, ती एकट्याने सांभाळून भागत नाही. आणि माझ्यासारख्या हिरव्या दिव्याच्या घाईत असणाऱ्यावर कधी भरवसा ठेवू नका.

आता त्या पानावर पाच नावे आहेत. आतल्या तीन नावांना काही होणार नाही, मी त्यांची तशी सोयच केली आहे. बाहेरची दोन मात्र पुसत असतात. इरा येऊन गेली त्याला आज एकवीस दिवस झाले, रामदरस अल ऐनच्या साइटवर गेला आहे. त्याच्या गावाचे शेवटचे अक्षर गेले, इराच्या नावातले पहिले फिकट झाले. चंद्रहासने मार्कर डब्यात सगळ्यात पुढे ठेवला आहे, आणि दार वाजले की आम्ही दोघेही वर बघतो.